अमीनसाहेबांचे चारशे बारा शब्द

बब्रुवानमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा एक दात पडला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर दोन ट्रक एकमेकांवर चढून उलथले आणि नळदुर्गच्या किल्ल्यातली झाडून सगळी वटवाघळं भर दुपारी बाहेर पडून अणदूरपर्यंत जाऊन आली. हे सगळं मी त्या वेळी माझ्या रविवारच्या सदरात छापलंही होतं. त्यातला दात तेवढा खरा आहे.

झालं असं. हायवेला विरेशचा ढाबा आहे. दारावर 'मसाला पाट्यावरचा' असं लिहिलंय आणि नवल म्हणजे तो खरोखर पाट्यावरचा असतो. माझ्यासमोर शेंगांची आमटी आणि कडक भाकरी होती. कडक भाकरी म्हणजे आमच्याकडचा असा पदार्थ, जो महिनाभर टिकतो आणि ताजा असतानाही महिन्यापूर्वीचा वाटतो. पहिला घास चावला, 'कडक्' असा आवाज झाला आणि तोंडात काहीतरी जास्तीचं आलं. मागं पाट्यापाशी एक म्हातारा उकिडवा बसून छिन्नीनं ठोकत होता. याचाच खडा उडून माझ्या आमटीत पडला अशी माझी खात्री झाली आणि मी ओरडलो. (ट्रक आणि वटवाघळं इथं येतात.) म्हातारा हातातली हातोडी न ठेवता संथपणे चालत आला आणि म्हणाला, "दावा."

मी तळहात पुढं केला. त्यानं तो ऐवज चिमटीत धरून उन्हाकडं केला, एक डोळा मिटला, उलटसुलट पाहिला.

"ह्यो माझा न्हाय," तो म्हणाला. "माझा खडा काळा आसतोय. ह्यो पिवळा हाय. ह्यो तुमचाच हाय, मास्तर."

"मी मास्तर आहे हे तुम्हांला कसं कळलं?"

"दात पडल्यावरबी 'कृपया पाणी आणा' म्हणालाव की."

त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणू लागलो. दात त्यांनी स्वतः कागदात बांधून माझ्या खिशात घातला.

मामांचा धंदा टाकी लावण्याचा. पाटा किंवा जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं, मग त्यावर दळण दळलं जात नाही, नुसतं घसरतं. तेव्हा छिन्नीनं त्यावर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. मामांच्या जमातीनं पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. गाढवांवर पाल लादून गावोगाव फिरायचं, 'टाकीऽऽ' म्हणून हाळी द्यायची आणि बायकांच्या जात्यांना दात आणायचे. त्या जमातीचं नाव मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेलच.

मामांचं वय बहात्तर की अठ्ठ्याहत्तर हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं खडे चुकवल्यामुळं त्यांचा डावा डोळा कायम अर्धा मिटलेला असायचा. त्यामुळं ते साधं 'जेवलो' म्हणाले तरी ते खोटं असावं असं वाटायचं. गावं त्यांना दगडांवरून माहीत होती. "तामलवाडीचा दगड हट्टी. मुरुमचा मऊ, पर माणसं घासाघीस लई करत्यात." मिक्सर या यंत्राचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. ते त्याला 'ती भुणभुण' म्हणायचे आणि ज्या घरात ती भुणभुण आली त्या घराचा चहा घ्यायचे नाहीत. आता ती सगळ्याच घरांत आल्यामुळं त्यांच्या चहाची मोठी आबाळ झाली होती. विरेश तेवढा उरला होता.

दर शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी ढाब्यावर जायचो. मामा पाटा ठोकत असायचे आणि मी पाहत असायचो. दोघांनाही आपण काम करतोय असं वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं, की ते ठोकताना दगडाशी काहीतरी बोलतात, आणि ते मराठी नाही, हिंदी नाही, कन्नडही नाही.

"काय बोलताय मामा?"

"आतली," ते म्हणाले. "आमच्या जमातीची बोली. भायेर मराठी, आत आतली. आता वस्तीत चौदा घरं हायती, पर आतली कुणाला येत न्हाय. पोरांला शरम वाटायची, मग आमीबी सोडलं. माझी लक्ष्मी व्हती तवर आमी दोघं बोलायचो. तिला जाऊन चार सालं झाली. आता दगडाला बोलतो. दगड बरा. लक्ष्मी चुका काढायची."

मी हसलो. मामांच्या जवळपास कुणीही काहीही बोललं तरी मी हसायचोच. आठवड्याला एक सदर लिहिणाऱ्या माणसाला हसण्याच्या जागा वेचत फिरावं लागतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सृष्टी आली. लातूरची पोरगी, हैदराबादला विद्यापीठात बोलीभाषांवर संशोधन करायची. तिच्या पिशवीत ध्वनिमुद्रक होता, त्याच्या बॅटऱ्या होत्या, त्या संपल्या तर दुसऱ्या बॅटऱ्या होत्या, आणि त्या दुसऱ्या संपतील या भीतीनं तिसऱ्या होत्या. नळदुर्गात सगळ्यांना ओळखणारा माणूस म्हणून कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. खरं तर नळदुर्गात सगळे मला ओळखतात, कारण कधी ना कधी मी सगळ्यांची टर उडवलेली आहे.

तिला हैदराबादच्या एका दफ्तरखान्यात निजामाच्या काळातल्या पोलिसांची एक वही सापडली होती. फसली तेराशे एकेचाळीस, म्हणजे आपलं साधारण एकोणीसशे एकतीस-बत्तीस. त्या काळी फिरत्या जमातींना सरसकट चोर धरून त्यांची रोज हजेरी घेत. तशातच एका अमीनाने, म्हणजे तेव्हाच्या फौजदाराने, अशा एका जमातीची 'गुप्त बोली' उर्दू अक्षरांत लिहून काढली होती. चारशे बारा शब्द. खाली सांगणाऱ्याचं नाव: कोंडिबा, पेशा टाकी लावणे. आणि अंगठा.

"सर, या बोलीची जगात एवढीच लेखी नोंद आहे," सृष्टी म्हणाली. "बोलणारं कुणी उरलेलं नाही असं आम्ही धरून चाललो होतो."

"उरलंय की," मी म्हणालो. "विरेशच्या ढाब्यामागं बसलंय."

मामांनी झेरॉक्सवरच्या त्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. "ह्यो माझा आज्जा," ते म्हणाले, आणि बराच वेळ तो कागद हातातून सोडेनात. मग सृष्टीनं एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. पाणी म्हणजे हे. बरोबर? "व्हय. बरोबर हाय." भाकरी म्हणजे हे? "व्हय. बरोबर हाय." दोन दिवस हे चाललं. चारशे बाराच्या चारशे बारा बरोबर. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्वद वर्षांपूर्वीचा कागद आणि जिवंत माणूस यांचा असा तंतोतंत मेळ बसल्याचं तिनं ऐकलंही नव्हतं. तिला वस्तीतल्या मुलांसाठी एक पुस्तिका करायची होती: शब्द, चित्रं, छोटी छोटी वाक्यं. "आजोबा, तुमची नातवंडं तुमच्याशी आतलीत बोलतील," असं ती म्हणाली तेव्हा मामांचा मिटलेला डोळा पहिल्यांदा पूर्ण उघडलेला मी पाहिला.

ती हैदराबादला गेली. पुढच्या शनिवारी मी ढाब्यावर गेलो तर मामांच्या हातात हातोडी नव्हती. ते नुसते पाट्यावर हात फिरवत बसले होते.

"मास्तर, एक सांगू? हसणार न्हाई?"

"नाही."

"त्या वहीतला एकबी शबुद खरा न्हाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अमीनानं आज्ज्याला चार दिवस कचेरीत बसवून ठेवलं. आधी मार, मग बकऱ्याचं मटण. शब्द येत राहतील तोवर मटण येत राहणार, असा करार. आज्जा कोंडिबानं आयुष्यात एवढं मटण पाहिलं नव्हतं. त्यानं बसल्या जागी एक अख्खी बोली रचली. तिसऱ्या दिवशी कल्पना संपली, तेव्हा त्यानं वस्तीतल्या गाढवांची नावं सांगायला सुरुवात केली. अमीनाच्या वहीत चंद्र म्हणून जो शब्द आहे, ते आज्ज्याच्या काळ्या गाढविणीचं नाव. सूर्य म्हणजे तिचं शिंगरू.

"पर खोटं सांगून भागत न्हाय मास्तर. खोटं ध्यानात ठिवावं लागतंय. आज एक सांगितलं, उद्या दुसरं सांगितलं, की पाठीचं साल गेलं. म्हणून आज्ज्यानं घरी आल्यावर समद्या वस्तीला बसवून ते चारशे शबुद पाठ करून घेतले. ल्हान पोरांलाबी. आमच्यात दोन बोल्या शिकवायचे. एक आतली आन एक अमीनाची. अमीनाची पाढ्यावानी म्हणायला लावायचे. चुकलं की चापट."

एकदा भर बाजारात अमीनानं आपली विद्या वापरली. वस्तीतली माणसं दिसल्यावर तो त्यांच्या 'गुप्त बोलीत' ओरडला: हात वर करा! तो शब्द आज्ज्यानं जेवता जेवता बनवलेला होता. पण सगळ्यांना पाठ होता. अख्खी वस्ती बाजारात हात वर करून उभी राहिली, बायका पदर तोंडात कोंबून. अमीनाला बढती मिळाली.

मी हसायचं नाही म्हणून कबूल केलं होतं. मी हसलो. इतका हसलो की विरेश गल्ल्यावरून उठून आला. मामाही हसले.

"मग त्या पोरीला 'बरोबर' का म्हणालात?"

"भायेरचा माणूस कागद घेऊन आला तर त्याला व्हय म्हणायचं. आमच्यात तसंच हाय. म्या काय जाणून म्हणलो न्हाय, तोंडातनं आपोआप आलं. पर पोर चांगली हाय. ती लेकरांसाठी पुस्तक करणार. लेकरं काय गाढवांची नावं शिकतील का? म्या तिला खरी आतली देणार हाय, मास्तर. ठरवलंय. माझ्याबिगर आता कुणाकडं न्हाय. पर ती माझ्या एकट्याची न्हाय. पयलं चौदा घरांला इचारणार. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी बैठक हाय. सगळी व्हय म्हणली, की पोरीला बोलवायचं. तवर तुमी कुणाला काय बोलू नका."

"नाही बोलणार."

"लक्ष्मीची आण?"

"लक्ष्मीमामींची आण."

मग त्यांनी मला एक वाक्य म्हणून दाखवलं. ते गावोगाव फिरून घरी आले की लक्ष्मीमामी दारातून जे म्हणायच्या, ते. खरं, आतलीतलं. छोटंसंच होतं, पाच-सहा शब्दांचं, शेवटी आवाज वर जायचा. त्यांनी ते दोनदा म्हटलं. मी मान डोलावली. त्या वेळी माझ्या डोक्यात अमीन बाजारात ओरडत होता आणि पदर तोंडात कोंबलेल्या बायका उभ्या होत्या. ते वाक्य मला आज आठवत नाही. अमीनाचे विनोद मात्र सगळे आठवतात.

आता पुढचं लिहायचं आहे, आणि इथून पुढं गंमत करायची नाही असं ठरवून मी बसलोय. जमेल असं वाटत नाही. सवय वाईट.

मी सदर लिहितो त्या वर्तमानपत्राला शुक्रवारी दुपारपर्यंत मजकूर लागतो. पंचमीच्या आधीच्या शुक्रवारी माझ्याकडं मजकूर नव्हता. माझी स्कूटर, माझं वजन आणि माझ्या बायकोचं माझ्याविषयीचं मत, हे तिन्ही विषय मी त्या वर्षात चारचारदा वापरले होते. मी कागदासमोर बसलो आणि मनाशी म्हणालो, नुसतं लिहून पाहू, पाठवायचं नाही. लिहायला पाऊण तास लागला. इतकं चांगलं मी त्याआधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग मनाशी म्हणालो, नाव बदलू. बब्रुवानमामांचं भुजंगमामा केलं. नळदुर्गचं 'एक किल्ल्याचं गाव' केलं. विरेशच्या ढाब्याचं 'एक पाट्यावरचा मसाला देणारा ढाबा' केलं. जमातीचं नाव मात्र तसंच ठेवलं, कारण ते बदललं तर गोष्टीला वजन येईना. असा संपूर्ण वेषांतर केलेला मजकूर मी दोन वाजता पाठवून दिला. आण घातली होती ती बोलायची नाही म्हणून. लिहायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, असाही एक विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

रविवारी छापून आलं. मला त्रेसष्ट फोन आले. एका निवृत्त तहसीलदारांनी चहा पिताना वाचलं आणि चहा नाकातून आला, असं त्यांनी स्वतः कळवलं. विरेशच्या ढाब्यावर एका ड्रायव्हरनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मागं बसलेल्या मामांना विचारलं, "काय लका मामा, ते भुजंगमामा तुमीच की! आमालाबी शिकवा की ती बोली, चेकपोस्टवर कामाला यील." सगळा ढाबा हसला. विरेशनं मला नंतर सांगितलं, की मामाही हसले, हत्यारं पिशवीत भरली आणि पाटा अर्धा टाकून निघून गेले. पन्नास वर्षांत त्यांनी दगड अर्धा सोडला नव्हता.

मंगळवारी मी वस्तीवर गेलो. जाताना अर्धा किलो पेढे नेले. माणूस गुन्हा करून माफी मागायला जाताना पेढे का नेतो ते मला माहीत नाही. मी नेले. दारात मामांची मुलगी वृषाली उभी होती. ती मुरुमला दिलेली, तिथं अंगणवाडीत काम करते. पंचमीला माहेरी आली होती. हातात वर्तमानपत्राचं ते पान होतं.

"हे तुमीच लिवलंय ना, सर?"

"हो. पण वृषाली, मी त्यात तुमच्या लोकांची हुशारी दाखवलीय. अमीनाला कसं—"

"माहितीय. वाचलंय. चांगलं लिवलंय." तिनं पानाची घडी घातली. "तुमी लिवलं, आमी अमीनाला फसवलं. लोकांनी काय वाचलं म्हणता? आमी फसवतो. एवढंच वाचलं. काल मीटिंगला एक बाई म्हणली, तुमच्यातली ती चोरांची भाषा आमच्या लेकरांला शिकवू नका हं. बारा वर्षं झाली त्या गावात, सर. माझी जात कुणाला माहीत नव्हती. आता पेपरात जमातीचं नाव वाचून, 'तुमी नळदुर्गच्याच ना' म्हणून इचारून घेतलं त्यांनी."

"मी माफी मागायला आलोय."

"मागा की. आबा हायत आत." तिनं माझ्या हातातल्या पुड्याकडं पाहिलं. "काय आणलंय? पेढे? कशाचे हो, पास झालाव का?"

मी आत गेलो. मामा भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून उठले. याआधी कधी उठले नव्हते.

"या सायब," ते म्हणाले. "बसा. वृषाली, सायबाला पाणी दे."

"मामा, मी मास्तर आहे."

"व्हय सायब."

"मामा, माझं चुकलं."

"कायबी चुकलं न्हाय. लई झकास लिवलंय. आमी समदी हसलो." त्यांचा डावा डोळा नेहमीसारखा अर्धा मिटलेला होता, पण त्या डोळ्यातून ते माझ्याकडं बघत नव्हते.

"ती बैठक—"

"झाली की. पंचमीची वाट बघितली न्हाय. कालच बसलो."

"काय ठरलं?"

"त्या वहीतलं समदं बरोबर हाय, असं ठरलं."

म्हणजे खरी आतली कुणाला द्यायची नाही, हे मला जरा उशिरा कळलं. वृषालीनं पाणी आणून ठेवलं. पेढे मी तसेच परत आणले. बायकोनं कशाचे म्हणून विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ते मात्र पाठ करून ठेवावं लागलं नाही, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी सृष्टी धावत आली. माझं सदर कुणीतरी तिला पाठवलं होतं. ते वाचून रात्रभर झोपली नव्हती. आम्ही दोघं मामांकडं गेलो. तिनं ध्वनिमुद्रक बंद ठेवला, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आजोबा, हे खरं आहे का? खोटे शब्द असतील तरी मी रागावणार नाही. उलट ते खोटे आहेत हेच तर फार मोठं आहे. पण मला खरे हवेत. मुलांसाठी."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता, आणि मला वाटलं, आता सांगतील. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, सायब इनोदी लिवत्यात. त्यांचा एक दात पडला तर दोन ट्रक उलथले म्हणून लिवलं व्हतं. म्या तिथंच व्हतो. एकबी उलथला न्हाय. त्यांचं काय खरं धरतीस? वहीतलं बरोबर हाय. काढ तुझी मशीन. म्या समदं सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. तीन दिवस, अकरा तास. अमीनाच्या शब्दांची वाक्यं केली, वाक्यांची गोष्ट केली. एक अंगाईसुद्धा म्हटली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. अंगाईत चंद्र आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

परतीच्या वाटेवर मी सृष्टीला थांबवलं. "हे सगळं खोटं आहे," मी म्हणालो. "त्यांनी माझ्यासमोर कबूल केलंय. शपथेवर सांगतो."

"सर, येताना तुम्हीच सांगितलंत ना, की कुणाला सांगणार नाही अशी शपथ त्यांच्यापुढं घेतली होती म्हणून?"

"हो."

"मग आता हीही शपथच." ती रागावून बोलली नाही. थकली होती. "माझ्याकडं एक नव्वद वर्षांपूर्वीचा कागद आहे. एक जिवंत बोलणारा आहे. दोन्ही एकमेकांशी शंभर टक्के जुळतात. त्याविरुद्ध तुमचं एक विनोदी सदर आहे, ज्यात वटवाघळं अणदूरला जातात. मी मार्गदर्शकांपुढं काय ठेवू?"

"वटवाघळं दुसऱ्या सदरात होती."

"सर," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागली.

मी तिला सगळं सविस्तर लिहून दिलं, सहीनिशी, एकही विशेषण न वापरता. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं ते प्रबंधात घातलं. तळटिपेत. 'एका स्थानिक विनोदी लेखकाच्या म्हणण्यानुसार ही शब्दसूची बनावट आहे. परंतु निवेदकाने याचा स्पष्ट इन्कार केला.' माझ्या लिखाणाविषयीची एवढी दोन वाक्यंच काय ती विद्यापीठात आहेत.

त्यानंतरही मी शनिवारी ढाब्यावर जात राहिलो. मामा पुन्हा येऊ लागले होते. अर्धा राहिलेला पाटा त्यांनी पुरा केला. मला पाहिलं की म्हणायचे, "या सायब, बसा." मी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचे, हसून, लगेच. पाऊस पडेल का? व्हय सायब. पडणार नाही ना? व्हय सायब. दगडाशी बोलणं त्यांनी सोडलं होतं. निदान मी असताना तरी. एकदा मी आडून, पत्र्याच्या भिंतीमागं उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला. छिन्नीचा आवाज थांबला. थोड्या वेळानं आतून मामा म्हणाले, "सायब, ऊन लई हाय, आत या." मग मी तसलं काही पुन्हा केलं नाही.

एका दुपारी मी सरळच म्हणालो, "मामा, लक्ष्मीमामी दारातून म्हणायच्या ते वाक्य पुन्हा एकदा सांगाल? मी कुणाला सांगणार नाही. लिहिणार नाही. मला नुसतं ऐकायचंय."

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं आणि एक वाक्य म्हटलं. शांतपणे, गोड आवाजात. त्यातला दुसरा शब्द मी ओळखला. अमीनाच्या वहीतला, दोनशे सातवा.

"बरोबर हाय न्हवं सायब?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मामा मागच्या मार्चमध्ये सोलापूरला दवाखान्यात वारले. न्यूमोनिया. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, मला दोन दिवसांनी कळलं. वृषालीला भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, की तुला आतली किती येते. ती म्हणाली, "आई रागावताना वापरायची तेवढे वीस-पंचवीस शबुद येत्यात." ते सांगशील का, असं सृष्टीनंही तिला विचारलं होतं म्हणे. तिनं काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही.

पुस्तिका डिसेंबरमध्ये आली. रंगीत चित्रं आहेत, मुखपृष्ठावर पाटा-वरवंटा आहे, आत मामांचा फोटो आहे. प्रकाशनाला मला बोलावलं होतं. मी तब्येतीचं कारण सांगितलं. तिथं कुणीतरी वृषालीला माईक दिला आणि शब्द बरोबर आहेत का म्हणून विचारलं. तिनं हो म्हटलं, असं विरेश सांगत होता.

वस्तीजवळच्या शाळेत एकतीस मुलं आहेत. दर शनिवारी कवायत झाली की त्यांना अर्धा तास त्या पुस्तिकेतली बोली शिकवतात.